चोवीस तास ऑक्सिजनवर असलेल्या आईला क्रूझवर न्यायचंय – अनुभव हवेत

खिडकीतली

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आई ७१ वर्षांची. फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसं आतून कडक होत जातात). दीड वर्षापासून चोवीस तास ऑक्सिजन लागतो. बसलेली असताना २ लिटर, झोपेत २, चालायला लागली की ४. डोकं एकदम तल्लख, पाय ठणठणीत, फक्त दम पुरत नाही.

परवा म्हणाली, "घरातली नळी पंधरा मीटरची आहे. पंधरा मीटरात माझं सगळं जग. जहाजावर निदान जग तरी हलेल." यावर मी काय बोलणार!

सात रात्रींची क्रूझ बघतेय. बंदरापर्यंत पाच तासांचं विमान आहे. जहाज कंपनीच्या माहितीपत्रकात 'ऑक्सिजन वापरणाऱ्या प्रवाशांनी आगाऊ कळवावे' एवढीच एक ओळ आहे. कळवलं. त्यांनी फॉर्म पाठवला. तो भरताना लक्षात आलं की मला त्यातलं निम्मंही कळत नाही. मशीन त्यांचं की आपलं? सिलिंडर चालतात का? वीज गेली तर? बंदरावर उतरायचं कसं? कोणी अशा माणसाला घेऊन किंवा स्वतः अशा अवस्थेत गेलं असेल तर प्लीज लिहा. "डॉक्टरांना विचारा" सोडून काहीही चालेल, त्यांना विचारलंय. ते "जा" म्हणालेत, कसं जायचं ते त्यांनाही माहीत नाही.

उंटावरचा_पाहुणा

वाचतोय. बाबांचंही हेच चाललंय, फक्त क्रूझचं नाव काढायची हिंमत अजून कोणाची झाली नाही.

दर्यावर्दी_निवृत्त

ताई, मी बावीस वर्षं प्रवासी जहाजांवर विजेचं काम केलं. औषधपाण्यातलं मला कळत नाही, विजेचं सांगतो.

पहिलं म्हणजे केबिनमधला प्लग. बहुतेक मोठ्या जहाजांवर ११० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ असतं, बऱ्याच ठिकाणी शेजारी २२० चंही सॉकेट असतं. घरातलं मोठं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन) २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवर चालणारं असेल तर ते तिथे नीट चालेल असं गृहीत धरू नका. व्होल्टेज बदलता येतं, पण आतला कॉम्प्रेसर ५० हर्ट्‌झसाठी बांधलेला असतो, तो ६० वर वेगळाच वागतो. खांद्यावरच्या किंवा चाकांवरच्या पोर्टेबल मशीनचा चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्ट घेतो, तो कुठेही चालतो. चार्जरच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, भिंग घेऊन वाचा.

दुसरं, घरून एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, त्यातही सर्ज प्रोटेक्टरवाला तर अजिबात नको. तपासणीतच काढून घेतील. लोकांना वाटतं कंपनी उगाच अडवतेय. जहाजाची वायरिंग घरासारखी नसते, न्यूट्रल जमिनीला जोडलेली नसते (जमीन आहेच कुठे!). घरच्या वायरिंगसाठी बनवलेला सर्ज बोर्ड तिथे आगीचं कारण ठरू शकतो. लांब वायर लागणार असेल तर फॉर्ममध्ये लिहा आणि जहाजावर गेल्यावर केबिन सांभाळणाऱ्याकडे मागा. वैद्यकीय मशीन म्हटलं की त्यांच्याकडची मंजूर वायर देतात.

तिसरं, वीज गेली तर. आणीबाणीचा जनरेटर असतो, तो आपोआप सुरू होतो. पण तो दिवे, अलार्म, सुकाणू, संदेशयंत्रणा यांच्यासाठी असतो. प्रत्येक केबिनमधल्या प्लगला तो वीज देईल असं समजू नका. २०१३ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या आखातात एका मोठ्या क्रूझ जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली, नंतर ते काही दिवस विजेवाचून तरंगत होतं. असं वारंवार घडत नाही. पण विजेशिवाय चालणारी एक गोष्ट केबिनमध्ये हवीच, म्हणजे सिलिंडर.

आणि जहाजाच्या दवाखान्यातला ऑक्सिजन हा तुमचा बॅकअप नव्हे. तो आणीबाणीच्या रुग्णासाठी मोजून भरलेला असतो. रोज लागणारा आपला आपण न्यायचा.

स्पष्टच_सांगतो

राग मानू नका, पण हा हट्ट कोणासाठी? समुद्राच्या मध्यावर काही झालं तर हेलिकॉप्टर बोलवणार का? ऑक्सिजन लागला म्हणजे माणसाने आता शांतपणे घरात बसावं, शेवटच्या टप्प्यात कशाला दगदग. घरी मोठ्या टीव्हीवर समुद्र लावून द्या.

नळीवाला

स्पष्टच, स्पष्टच सांगतो. मी सहा वर्षं नळीवर आहे. सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होत जाणारा जुनाट आजार), विश्रांतीला २ लिटर. या सहा वर्षांत चार क्रूझ झाल्या. हा प्रतिसाद लिहितानाही नाकात नळी आहे. शेवटचा टप्पा येईल तेव्हा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेन.

खिडकीतली, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. पंधरा मीटरचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं, ती उठून आत गेली.

आता कामाचं. आधी एक गोष्ट पक्की करा. आईचं पोर्टेबल मशीन 'पल्स'वालं आहे की 'कंटिन्यूअस'वालं? नव्वद टक्के गोंधळ इथे होतो.

कंटिन्यूअस म्हणजे नळ सोडल्यासारखा सतत प्रवाह. तुम्ही श्वास सोडता तेव्हाही तो वाहत असतो, वाया जातो. पल्सवालं मशीन श्वास आत घेतलेला ओळखतं आणि तेवढ्यापुरता एक झोत देतं. म्हणून ते लहान असतं, बॅटरी जास्त पुरते, खांद्याला अडकवून माणूस तरुण दिसतो. पण त्यावरचा '२' म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे! तो फक्त सेटिंगचा आकडा आहे. खांद्यावरची छोटी मशीन्स मिनिटाला सगळा मिळून लिटर-सव्वा लिटरच ऑक्सिजन बनवतात, मग आकडा ५ लावा नाहीतर ६. माझ्यासारख्याचं त्यात भागतं. ज्यांना चालताना ४ लागतो त्यांचं भागेलच असं नाही. आणि झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्यांचा श्वास काही वेळा मशीनला कळतच नाही, झोत सुटत नाही.

तेव्हा निघायच्या महिनाभर आधी आईला ते मशीन लावून, बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा चिमटा) अडकवून घराच्या जिन्यात फिरवा. एक रात्र त्यावर झोपवून बघा, डॉक्टरांच्या परवानगीने. कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट, ऑक्सिजन तासांत मोजायला शिका. 'सात दिवसांची ट्रिप' हा हिशोबच चुकीचा. सात दिवसांत जहाजाच्या केबिनमधले दीडशे तास सोपे असतात, मशीन भिंतीला लावलेलं, आपण पलंगावर. जीव जातो तो मधल्या सांध्यांवर: घर ते विमानतळ, सुरक्षा तपासणीची रांग, विमान, सामान येईपर्यंतची वाट, बंदरावरची रांग, केबिन मिळेपर्यंतचे दोन-तीन तास, छोट्या बोटीची वाट. माझे चारही प्रवासांतले सगळे घोळ इथेच झाले, समुद्रात एकही नाही. प्रत्येक सांध्यापुढे तास लिहा आणि दुप्पट ऑक्सिजन धरा.

सिलिंडरचा हिशोब सोपा आहे. अमेरिकन 'ई' साइझच्या सिलिंडरमध्ये साधारण ६८० लिटर मावतो. भागिले २, म्हणजे ३४० मिनिटं, साडेपाच तासांहून थोडं जास्त. ४ लावला की निम्मं, पावणेतीन तास. पण अक्षरावर जाऊ नका, एका देशातला 'डी' खांद्यावर मावतो, दुसऱ्या देशातला 'डी' दोघांनी ढकलायचा असतो. लिटर विचारा.

खिडकीतली

नळीवाला काका, आई तुमचा प्रतिसाद तीनदा वाचून हसली. "व्यनि करेन" यावर जास्तच.

मशीन बघितलं. खांद्यावरचं आहे, पल्सवालं. आत्ताच जिन्यात प्रयोग केला. सेटिंग ५ वर एक मजला चढली आणि ९४ चे ८२ झाले. म्हणजे हे मशीन फक्त बसून पेपर वाचायला. गेलं वर्षभर आम्ही यावर तिला दवाखान्यात नेत होतो आणि "आज जास्त दमलीस गं" म्हणत होतो. कसंतरीच झालं.

श्वास_उच्छ्वास

खिडकीतली, अपराधी वाटून घेऊ नका, हे आमच्याकडे दर आठवड्याला दिसतं. मी श्वसनविकारांच्या पुनर्वसनात काम करते (डॉक्टर नाही, फिजिओ आहे). फायब्रोसिसमध्ये बसलेलं असताना सगळं ठीक आणि चालताना धाडकन खाली, हे नेहमीचंच. नळीवाला यांचा सीओपीडी आणि तुमच्या आईंचा फायब्रोसिस यांत हा मोठा फरक आहे, त्यांचं मशीन त्यांना पुरतं म्हणून तुम्हाला पुरणार नाही.

आईंसाठी बहुधा चाकांवर ओढायचं कंटिन्यूअस पोर्टेबल मशीन लागेल. वजन आठ किलोंच्या आसपास, सतत प्रवाह ३ लिटरपर्यंत. २ लिटर सतत चालवलं की एका बॅटरीचे जेमतेम दोन तास धरा. चालताना ४ लागतो आणि मशीन ३ देतं, मग काय? मग चालणं कमी करा. खुर्ची! व्हीलचेअरमध्ये बसलेल्या आईंना २ पुरतो. व्हीलचेअर म्हटलं की माणसं दुखावतात, पण इथे ती पायांसाठी नाहीच, ऑक्सिजन वाचवायला आहे.

विमानाबद्दल. विमान कितीही उंच उडो, आतला हवेचा दाब जास्तीत जास्त ८,००० फुटांवर, म्हणजे साधारण २,४०० मीटर उंचीवर असल्यासारखा ठेवतात. तिथे श्वासातून मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या हिशोबाने २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के असल्यासारखा होतो. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा विमानापुरता प्रवाह वाढवून देतात. काही ठिकाणी १५ टक्के ऑक्सिजनची हवा वीसेक मिनिटं श्वासाला देऊन आधीच चाचणी करतात, ती होत असेल तर करून घ्या. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० मिळालं तर उत्तम, त्यांत आतला दाब ६,००० फुटांच्या पातळीला धरतात.

स्वतःचा सिलिंडर विमानात नेऊ देतील असं धरू नका. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर चालतं, पण मॉडेल विमान कंपनीला आधी कळवा. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमापासून मशीनवर लाल अक्षरांत 'विमानात वापरायला योग्य' अशा अर्थाचं लेबल असतं, ते आहे का बघा. बॅटऱ्या उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या मागतात. पाच तासांचं विमान, म्हणजे साडेसात तास. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकं झाकून, सामानात टाकायच्या नाहीत. १०० वॅट-अवरच्या वरची बॅटरी असेल तर परवानगी लागते आणि जादा दोनच नेता येतात. आकडा बॅटरीवर छापलेला असतो.

जाता जाता, शेवटचा टप्पा वगैरेबद्दल. १९८० आणि १९८१ मध्ये अमेरिकेतले आणि ब्रिटनमधले दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, सीओपीडीच्या रुग्णांवरचे. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायम कमी होता ते रोज पंधरा-पंधरा तास ऑक्सिजन घेतल्यावर जास्त जगले, आणि रात्रीपुरता घेणाऱ्यांपेक्षा दिवसरात्र घेणारे जास्त. ऑक्सिजन लावतात तो माणसाने हिंडावं-फिरावं म्हणून. आणि हो, फोटोपुरती नळी काढायची नाही. सगळे काढतात.

स्पष्टच_सांगतो

बरं, शब्द मागे घेतो. पण हेलिकॉप्टरचा प्रश्न राहिलाच.

आकडेमोड

त्याचं उत्तर विमा. आणि इथे स्पष्टच यांचा मुद्दा खरंच बरोबर आहे, उगाच त्यांना धोपटू नका. समुद्रातून रुग्णाला हलवायचा खर्च सामान्य माणसाला झेपणारा नसतो आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिलही वेगळं लागतं. पॉलिसीत दोनच ओळी शोधा: आधीपासूनचा आजार धरला आहे का, आणि वैद्यकीय स्थलांतर धरलं आहे का. आजार लपवून घेतलेली पॉलिसी म्हणजे रद्दी. काही ठिकाणी ट्रिपचे पहिले पैसे भरल्यापासून ठरावीक दिवसांतच विमा घेतला तरच जुना आजार धरतात, त्यामुळे हे काम शेवटी ठेवू नका.

टवाळ_पोपट

दर्यावर्दी काका, सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आजीबाईंनी मशीन ओढत जिना चढायचा का? लिफ्ट बंद असते ना तेव्हा?

दर्यावर्दी_निवृत्त

पोपटा, टवाळी म्हणून विचारलंस पण प्रश्न लाखाचा. हो, सात किंवा जास्त लहान आणि मग एक लांब म्हणजे गोळा होण्याची जागा गाठा, आणि लिफ्ट वापरायची नाही. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट कलंडली, तिथे नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचा सरावच झालेला नव्हता. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज निघण्याआधी किंवा निघताच सराव घ्यावाच लागतो.

तर, बुकिंग करतानाच गोळा होण्याच्या जागेच्या जवळच्या मजल्यावर केबिन मागा. समुद्र दिसतो म्हणून दहावा मजला घेऊ नका. 'जिना उतरायला मदत लागेल' असं लिहून द्या. मग त्यांच्या यादीत नाव चढतं आणि प्रसंगी दोन माणसं खास खुर्ची घेऊन केबिनच्या दाराशी येतात. जीवरक्षक बोटीत प्लग नसतो. भरलेला एक सिलिंडर आणि जादा नळी एका पिशवीत घालून दाराच्या मागे ठेवा. त्या पिशवीला रोजच्या वापरासाठी हात लावायचा नाही.

नळीवाला

पिशवीला पूर्ण अनुमोदन. माझी लाल आहे.

राहिलेलं थोडं. बाल्कनीची केबिन घेतलीत तर शेजारच्या बाल्कनीत सिगारेट ओढायला परवानगी आहे का ते विचारा, काही जहाजांवर असते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. निदान तीन मीटर अंतर. नाक कोरडं पडतं म्हणून पेट्रोलियम जेली लावू नका, पाण्यावर आधारलेलं जेल लावा. दर दाराशी सॅनिटायझर असतो, तो चोळल्यावर हात पूर्ण कोरडे होईपर्यंत नळीला हात नको. आणि जेवणाआधी साबणाने धुवाच, बोटींवर पोटाचा जो नोरोव्हायरस फिरतो तो सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही.

द्रवरूप ऑक्सिजनचं कोणी सुचवेल. एका लिटरचे सुमारे ८६० लिटर होतात, मोह पडतो. पण उणे १८३ अंशांचा पदार्थ, वापरला नाही तरी उडून जातो, आणि तो न्यायला सगळ्या कंपन्या राजी नसतात. मी त्या वाटेला गेलो नाही.

बंदरांबद्दल: जहाज धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकून छोट्या बोटीने नेणार, हे प्रत्येक बंदरापुढे लिहून ठेवा. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाला छोट्या बोटीने उतरवतात आणि वर गावात जायला रोपवे, नाहीतर पायऱ्या, सहाशेच्या आसपास. मी खालूनच टाटा केला. नॉर्वेत गायरँगरला उलट घोळ. खाली फ्योर्ड (डोंगरांमधली अरुंद खाडी) समुद्रसपाटीला, सगळं छान, आणि बस वर दाल्सनिब्बाला नेते, जवळपास १,५०० मीटर. बसमध्ये बसलोय, चाललो नाही, तरी बोटावरचा आकडा घसरत गेला. सहलीच्या पत्रकात 'चालणं कमी' लिहिलेलं असतं, उंची कोणी लिहीत नाही.

श्वास_उच्छ्वास

त्या आकड्याबद्दल एक भर. बोट गार असेल तर ऑक्सिमीटर वाट्टेल ते दाखवतो. डेकवर वाऱ्यात ८१ दिसलं तर घाबरून प्रवाह वाढवू नका, आधी हात काखेत धरून गरम करा आणि मिनिटभराने पुन्हा बघा. नेलपॉलिशनेही फरक पडतो. आणि सीओपीडीवाल्यांनी, म्हणजे नळीवाला तुम्हीसुद्धा, आकडा वाढवण्यासाठी प्रवाह मनानेच वाढवायचा नाही. काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून डॉक्टर तुम्हाला ८८ ते ९२ मध्येच राहायला सांगतात.

नळीवाला

आज्ञा बाईसाहेब.

खिडकीतली

सगळ्यांचे खूप आभार. बुकिंग केलं. चौथा मजला, गोळा होण्याची जागा त्याच मजल्यावर. केबिनसाठी मोठं कॉन्सन्ट्रेटर आणि तीन सिलिंडर बंदरावरच्या पुरवठादाराकडून, परस्पर केबिनमध्ये पोचवणार. चाकांचं मशीन भाड्याने, पाच बॅटऱ्या. डॉक्टरांच्या पत्रात बसताना, चालताना, झोपेत आणि विमानात असे चार वेगळे आकडे लिहून घेतले.

आई एका गोष्टीवर अडून बसलीय. खुर्चीत बसणार नाही म्हणते. "मला बघायला जहाज आहे, जहाजाला बघायला मी नाही."

उंटावरचा_पाहुणा

काय बाई आहे!

खिडकीतली

(तीन महिन्यांनी.) परत आलो. वृत्तांत लिहायचं कबूल केलं होतं, लिहिते. जरा लांबेल.

विमान सोपं गेलं. प्रवाह ३ वर ठेवला, आकडा ९० च्या खाली गेला नाही. तपासणीच्या रांगेत मात्र मशीन पट्ट्यावर ठेवायला सांगत होते. आई नळीसकट पट्ट्याकडे निघालेली बघून त्यांनाच कळलं.

बंदरावर नळीवाला काकांचे 'सांधे' आलेच. केबिन दुपारी दीडला मिळाली. आत पलंग, आरसा, टॉवेलचा हत्ती, सगळं होतं. मशीन नव्हतं. पुरवठादार म्हणे पोचवलंय, स्वागतकक्ष म्हणे आमच्याकडे नोंद नाही. मी नुसती फिरतेय आणि आई शांतपणे चाकांच्या मशीनवरचे हिरवे दिवे मोजतेय. चार होते, तीन झाले, दोन झाले. आम्ही दुप्पट धरलं होतं म्हणून धाकधूक होती पण धोका नव्हता, तीन बॅटऱ्या अजून शिल्लक होत्या. शेवटी साडेतीनला मशीन सापडलं, आमच्याच केबिनचा नंबर पण सहाव्या मजल्यावर, तिथल्या माणसाने ते एअर प्युरिफायर समजून कोपऱ्यात लावून ठेवलं होतं. जहाज पाचला सुटणार होतं. पुढे जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा: मशीन सुरू करून, बोटाला आकडा बघून, सिलिंडरचा काटा स्वतः वाचून मगच जहाज सुटू द्या. आमच्या तीनपैकी एका सिलिंडरचा काटा अर्ध्यावर होता. बंदरात होतो म्हणून बदलून मिळाला.

दर्यावर्दी काका, वायर मागितली, दहा मिनिटांत आली. मशीन पडद्यापासून लांब, हवा खेळेल असं ठेवलं. रात्रभर त्याची घरघर आणि त्याखाली इंजिनाची. आई म्हणाली दोघांची जुगलबंदी चाललीय.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवरून वाजलं. तिला डेकवर फेरी मारायची होती, पूर्ण, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. चालत. आठ किलोंचं मशीन ओढत दहा पावलांतच दम. मी म्हटलं बस ना गं. तिने खुर्चीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि मशीन उचलायला मला सांगितलं. खुर्चीत ठेवलं. पट्टा लावला. आणि खुर्चीचे दांडे धरून स्वतः ढकलत निघाली. टेकायला दांडा मिळाला, ओझं गेलं, दम लागला की मशीन मांडीवर घेऊन तीच खुर्चीत बसायची. तीस पावलं चाल, दोन मिनिटं बस. त्या एका फेरीला पन्नास मिनिटं लागली. आकडा ८६ ला गेला की बसायचं असं ठरवलं होतं, डॉक्टरांशी बोलूनच. समोरून येणारे लोक वाकून खुर्चीत कोण आहे बघायचे आणि मशीनला नमस्कार करायच्या बेतात असायचे.

तीन बंदरांपैकी दोन ठिकाणी उतरलो. तिसऱ्या ठिकाणी छोटी बोट होती आणि समुद्र खवळलेला, पायरी आणि बोट यांत दीड-दोन फुटांचा झोका. तिथल्या खलाशाने हात पुढे केला, आईने मानेनेच नको म्हटलं. माझीच चडफड झाली. सगळं जहाज रिकामं झालं आणि मग डेकवर आम्ही दोघी, चाळीस खुर्च्या आणि मशीन. तिच्या मते सगळ्यात छान दिवस तोच.

दाराआडची पिशवी उघडावी लागली नाही. आमचीही लालच होती.

नळीवाला

खुर्चीत मशीन बसवायची कल्पना मला सहा वर्षांत सुचली नाही. आजच बायकोला दाखवतो. आईंना म्हणावं, पुढच्या वेळी शर्यत लावू, डेकची एक फेरी, पन्नास मिनिटांचा विक्रम मोडतो.

खिडकीतली

काका, ती म्हणतेय सेटिंग आधी जाहीर करा. पल्सवर पळून कंटिन्यूअसवालीला हरवलं असं चालणार नाही.

उंटावरचा_पाहुणा

धागा बाबांना वाचायला दिला. रात्री जेवताना काही बोलले नाहीत. आत्ता सकाळी विचारतायत की जिन्यात फिरवायचा तो प्रयोग किती वाजता करायचा. ऑक्सिमीटरच्या बॅटऱ्या संपल्यात, त्या आणायला निघालोय. ताई, मशीन भाड्याने घेताना बॅटऱ्या किती जुन्या आहेत ते विचारलं होतंत का? की पाचही नव्या होत्या?

खिडकीतली

नव्या नव्हत्या. घरी आणल्यावर पाचही पूर्ण चार्ज करून एकेक करून २ लिटरवर संपेपर्यंत चालवल्या, घड्याळ लावून. चार बॅटऱ्या पावणेदोन तासांच्या वर टिकल्या, एक पन्नास मिनिटांतच आडवी झाली. ती परत देऊन बदलून घेतली. तुम्हीही हे निघायच्या आठवडाभर आधी करा, आदल्या रात्री नको. आणि प्रत्येक बॅटरीवर मार्करने तिची मिनिटं लिहून ठेवा, रांगेत उभं असताना तेवढंच वाचायचं असतं.